चौथ्या डब्यातले एकोणीस किलो

मी बसवलेलं यंत्र खोटं बोलत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकताना ज्याला त्याला माझ्या वायरिंगमध्येच खोट दिसायला लागते.

आमच्या पार्कच्या अगदी मागच्या टोकाला, बोटींच्या तळ्यापलीकडे, गुहा आहे. आठ डब्यांची छोटी गाडी, चार मिनिटांचा अंधार, कागदाच्या लगद्याची वटवाघळं, झाकण उघडून उठून बसणारा सांगाडा आणि तिसऱ्या वळणावर डोक्यावर झेपावणारं घुबड. एकतीस वर्षं ही गाडी माझा मामा चालवतोय. आईवडील गेल्यावर त्यानंच मला वाढवलं, म्हणजे खरं तर गुहेबाहेरच्या त्याच्या पत्र्याच्या केबिनमध्येच मी वाढले. शाळा सुटली की तिथे, पाढे तिथे, जेवण तिथे. पुढे इलेक्ट्रिशियन झाले आणि त्याच पार्कात कामाला लागले. मामा मला ठिणगी म्हणतो. माझ्या धंद्यावरून नाही, रागावरून. आठव्या वर्षीच हे नाव पडलंय.

यंदा मालकांनी एक सल्लागार आणला. उंच, सडपातळ, शर्टाला अशी इस्त्री की बघताना आपल्यालाच अवघडल्यासारखं व्हावं. त्यानं गुहेत एक फेरी मारली, बाहेर येऊन रुमालाला हात पुसले आणि मामाच्या समोरच मालकांना म्हणाला, "हे पाडा. इथे मोठा पडदा आणि हलत्या खुर्च्यांचा हॉल होईल."

संध्याकाळी जेवताना मामाचा घास हातातच थांबला.

"मला घरी बसवतील, त्याचं मी बघेन," तो म्हणाला. "पण गुहा पाडली तर ते कुठे बसेल?"

"ते म्हणजे कोण?"

"चौथ्या डब्यातलं."

माझं डोकं फिरलं. चौथ्या डब्यात मामा कधीच कुणाला बसवत नाही, हे सगळ्या पार्कला माहीत होतं. रांग कितीही लांब असो, चौथा रिकामा. कुणी विचारलं की "सीट ढिली आहे," एवढंच सांगायचा. ती सीट ढिली नाही हे मला माहीत होतं, मीच तिचे बोल्ट दर महिन्याला आवळत होते. म्हातारपणाचा हट्ट म्हणून मी सोडून दिलं होतं. आता तो हट्ट जेवणाच्या ताटापर्यंत आला होता.

"मामा, तिथे कुणी नाही," मी म्हटलं. "आणि गुहा मी पाडू देणार नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

दुसऱ्या दिवशी मी मालकांसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, पंधरा दिवस द्या. तुमच्या त्या एका पडद्याच्या पैशात मी अशा दहा गुहा सजवून दाखवते, आणि लोक रांग लावतील. सल्लागार हसला. मालक हसले नाहीत. "पंधरा दिवस," ते म्हणाले. "पण पाहणी हेच करतील."

मग मी स्वतःला कामाला जुंपून घेतलं. काचा तडकलेले जुने मोबाइल गोळा केले आणि पातळ कापडामागे लावले. कापडावर चेहरे तरंगायला लागले. बंद पडलेल्या कॉम्प्युटरांचे पंखे काढून वटवाघळांच्या पोटात बसवले, म्हणजे ती खाली आली की मानेवर वारा लागावा. घुबडाजवळ फिशटँकचा पंप आणि बारीक फवारा. प्रत्येक सीटच्या पाठीत एक छोटा स्पीकर, ज्यातून फक्त त्याच डब्यातल्या माणसाला कुजबुज ऐकू यावी. माणूस जवळ आला की दिवा लागतो ते साधे सेन्सर मी जागोजागी पेरले. जुना सांगाडा आता ठरल्या वेळी उठत नव्हता, गाडी समोर आली की उठत होता. पहिल्यांदा मीच दचकले आणि स्वतःवर जाम खूश झाले.

शेवटचं काम सुरक्षेचं होतं. वजन करायचे घरगुती काटे येतात ना, उभं राहायचे, तसले आठ मोडके काटे भंगारातून आणले. त्यांचे वजन ओळखणारे सेन्सर काढून एकेका सीटखाली बसवले. सीटवर वजन असेल आणि मांडीवरचा लोखंडी दांडा ओढलेला नसेल, तर केबिनमध्ये लाल दिवा. एक जरी लाल असेल तरी गाडी हलणार नाही. बायपास, म्हणजे दिवा लाल असतानाही गाडी सोडायचं बटण, मी ठेवलाच नाही. बायपास ठेवला की घाईच्या वेळी कुणीतरी तो दाबतंच, आणि मग यंत्र असून नसून सारखं.

सकाळी दहा वाजता चाचणी घेतली. गाडी रिकामी. सात दिवे विझलेले. चौथा लाल. आकडा, एकोणीस किलो.

सेन्सर शून्यावर आणायचा राहिला असेल म्हणून मी तो पुन्हा जुळवला. एकोणीस. तो काढून दुसऱ्या डब्याला लावला आणि दुसऱ्याचा चौथ्याला. दुसरा डबा शून्य, चौथा एकोणीस. वायर बदलली. एकोणीस. चौथ्या डब्याची सीटच उचलून बाकावर ठेवली, तेव्हा शून्य झालं. परत बसवली आणि मी हात काढून उभी राहिले. तीनएक सेकंद आकडा शून्यच होता. मग हळूच, एका बाजूने कुणी चढावं तसा, सहा, चौदा, एकोणीस.

मामा मागे उभा होता. तो पुढे आला, चौथ्या डब्याचा दांडा धरला आणि खाली ओढला.

त्या दांड्यांना खटके आहेत. मामा त्या खटक्यांवरून माणूस ओळखतो. जाड माणूस असला की दोन खटक्यांवर दांडा अडतो, बेताचा असला की तीन, लहान मूल असलं की चार. सीट रिकामी असली तर दांडा थेट सहाव्या खटक्यापर्यंत जाऊन लोखंडावर आपटतो.

खट. खट. खट. खट.

दांडा थांबला. लाल दिवा हिरवा झाला.

त्या आवाजात मी पाढे पाठ केले होते. एकतीस वर्षं रोज मामा रिकाम्या चौथ्याचाही दांडा ओढत आला होता, तो चार वेळाच वाजत आला होता आणि मी एकदाही मोजला नव्हता. मी पुढे होऊन दांडा दोन्ही हातांनी दाबला. तो पुढे गेला नाही. लोखंडाला लोखंड अडतं तसा तो अडत नव्हता. मऊ अडत होता.

"दाबू नकोस," मामा म्हणाला. "दुखेल."

मी हात काढून घेतले.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. तेव्हा ठेवत नव्हते, आजही ठेवत नाही. त्या दिवशी केबिनमध्ये बसून मी स्वतःला बजावलं की एकोणीस किलो म्हणजे एकोणीस किलो. ते कुणाचं आहे हे विचारणं सुरक्षेच्या नियमात बसत नाही. नियम एवढाच आहे की सीटवर वजन असेल तर दांडा खाली असला पाहिजे. तेवढं मी पाळेन. बाकीचं ज्याचं त्याने बघावं.

पुढचे चार दिवस मी गाडी फिरवत राहिले आणि आकडे बघत राहिले. सांगाड्याजवळ चौथ्याचा आकडा जरा वर-खाली व्हायचा. कापडावरच्या चेहऱ्यांपाशी तसाच राहायचा. पण तिसऱ्या वळणावर नवा फवारा उडाला की आकडा नाचायला लागायचा. एकोणीस, सात, तेवीस, आठ, चोवीस. गाडी बाहेर येईपर्यंत शांत होऊन पुन्हा एकोणीस.

"रुळाला हादरा बसतोय तिथे," मी म्हटलं.

"हो ना," मामा म्हणाला. आणि कित्येक दिवसांनी हसला. "आवडलंय त्याला. एकतीस वर्षं तेच ते घुबड बघून कंटाळलं असेल गं."

मी फवाऱ्याचा जोर थोडा वाढवला. का ते विचारू नका.

पाहणीच्या दिवशी स्वच्छ ऊन होतं. मालक आले, मालकीणबाई आल्या, सल्लागार आला. तिकीट खिडकीवरच्या बायका, माळी, बोटवाला असे चौदा जण मी प्रवासी म्हणून आणले होते. सगळे दोन-दोन करून सात डब्यांत बसले. मामा एकेक दांडा ओढत गेला. चौथ्यापाशी पोचायच्या आधीच सल्लागार म्हणाला, "हा रिकामा का?"

"तो रिकामाच जातो," मी म्हटलं.

"म्हणजे दर फेरीला आठवा भाग वाया. हाच तर तुमचा प्रॉब्लेम आहे." तो केबिनमध्ये डोकावला. "आणि रिकाम्या सीटवर लाल दिवा? एकोणीस किलो? हे भंगारातले काटे आहेत ना, मॅडम? बायपास करा."

"बायपास नाही."

"काय?"

"ठेवलेलाच नाही. वजन आहे, तर दांडा ओढावा लागेल. मग गाडी सुटेल."

"कुणाचं वजन?"

मालक माझ्याकडे बघत होते. गुहा राहणार की जाणार ते त्या एका उत्तरावर होतं. मला खोटं बोलता आलं असतं. सेन्सर बिघडलाय म्हटलं असतं तर सगळे हसून पुढे गेले असते.

"ते मला माहीत नाही," मी म्हटलं. "पण माझा सेन्सर बरोबर आहे. लिहून घ्या."

सल्लागाराच्या कपाळावर आठी आली. त्यानं कागद काखेत मारले आणि सरळ चौथ्या डब्याकडे गेला.

"साहेब, तिथे नको," मामा म्हणाला. एकतीस वर्षांत त्याला कुणापुढे हात जोडताना मी पाहिलं नव्हतं. त्यानं जोडले. "माझ्या शेजारी केबिनमध्ये बसा. चौथ्यात नको."

"सरका," सल्लागार म्हणाला आणि बसला.

केबिनमधला आकडा बदलला. नव्वद.

"माझं वजन एकाहत्तर आहे," तो मोठ्यांदा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "किती दाखवतंय?"

"नव्वद."

"बघा!" तो मालकांकडे बघून हसला. "बघा यांचं यंत्र!"

मी मनात वजाबाकी केली. मामानंही केली असावी. तो पुढे झाला आणि दांडा ओढला.

सडपातळ माणूस. तीन खटके पडायला हवे होते.

दोन पडले.

दिवा हिरवा झाला. आता गाडी थांबवायला माझ्याकडे कारण नव्हतं. मी बटण दाबलं.

चार मिनिटं मी आकड्याकडे बघत होते. सांगाड्याजवळ नव्वद. चेहऱ्यांपाशी नव्वद. आतून बायकांच्या किंकाळ्या आणि हसणं येत होतं, बोटवाला तर खदाखदा हसत होता. तिसऱ्या वळणावर फवारा उडाला.

नव्वद.

आकडा हललाच नाही.

गाडी बाहेर आली. चौदाही जण एकदम बोलत होते. मालकीणबाई म्हणाल्या की गुहा पाडायचा विषय पुन्हा काढू नका. मालकांनी मामाच्या पाठीवर थाप मारली. सल्लागार शेवटी उतरला. चेहरा नेहमीसारखाच होता. डावी बाही तेवढी बारीक चुरगळली होती, मुठीत धरल्यासारखी. "सीट अरुंद आहे," तो मला म्हणाला. "अंग चोरून बसावं लागतं." मग फाटकाकडे चालायला लागला. डावा हात शरीरापासून थोडा लांब ठेवून चालत होता.

सगळे गेल्यावर मामानं चौथ्या डब्याचा दांडा ओढला.

खट. खट. खट. खट. खट. खट.

दांडा लोखंडावर आपटला. मी केबिनमध्ये पाहिलं. शून्य. मामा फलाटाच्या कडेवर बसला आणि ओंजळीत तोंड घालून रडला. मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला इतका राग आला की काय करावं ते सुचेना. गुहा मी वाचवली होती. ज्याच्यासाठी मामाला ती हवी होती, तेच मी माझ्या हातानं बटण दाबून घालवलं होतं.

मालकांनी आठही डबे भरायला सांगितले. मी नाही म्हटलं. चौथा रिकामाच जाईल, नको असेल तर दुसरी इलेक्ट्रिशियन बघा. त्यांनी बघितली नाही. आता रोज सकाळी मामा दांडा ओढतो, सहा खटके मोजतो आणि दांडा परत वर करून ठेवतो. सीट उघडी ठेवतो. फवाऱ्याची टाकी मी रोज स्वतः भरते.

नवव्या दिवशी दुपारी फोन आला. मी तिसऱ्या वळणावर शिडीवर होते.

"मॅडम," सल्लागाराचा आवाज हळू होता. "एक टेक्निकल विचारायचं होतं. सीटखालचा वजनाचा सेन्सर बिघडतो का? माझ्या गाडीत... शेजारच्या सीटवर कुणी नसतं. तरी इंजिन चालू केलं की पट्टा लावा म्हणून आवाज सुरू होतो. तीन गॅरेजना दाखवली. ते म्हणतात सेन्सर बरोबर आहे."

त्याच्या मागे तो आवाज मला ऐकू येत होता. टीक, टीक, टीक.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"त्या दिवसापासून." तो थांबला. "बायपास करता येतो का?"

"इकडे घेऊन या," मी म्हटलं. "सहापर्यंत आम्ही चालू असतो. चौथा डबा रिकामा आहे."

"आणि तोपर्यंत काय करू?"

"वजन आहे ना सीटवर? मग पट्टा लावा."

मग पट्टा ओढल्याचा आवाज आला. अर्ध्यावर पट्टा थांबला, जरा सैल झाला, आणि खटका बसला.

टीक टीक बंद झालं.