नकाशातली दुसरी विहीर

तुरीच्या रानात, कमरेइतक्या पिकात उभा राहून तो होकायंत्राला शिव्या देत होता. देवाशपथ, हातातल्या डबीशी भांडणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

खरं तर मी थांबायला नको होतं. माझाच झेंडा अजून सापडायचा होता. पण माझं तोंड वेळेवर कधी गप्प बसलंय?

"काय झालं? उत्तर दिशा पळून गेली का?"

तो दचकला. अंगावरचा खाकी शर्ट घामानं भिजलेला, पँटीला कुसळं, आणि चेहऱ्यावर इतका खरा वैताग की मला हसूच आलं.

"ताई, हे यंत्रच खराब हाय. मघापासून मला नाल्यातच घालून राह्यलंय."

"ताई म्हणू नको. अन् यंत्र दे इकडं."

मी हातात धरलं. काटा एकदाच हलला आणि शांत झाला, बिलकुल बराबर. "यंत्राला धाड भरली न्हाई. तुझ्या हातालाच वळण न्हाई. नाव काय?"

"कडूबा."

मी फिस्सकन हसले. तो रागावला नाही. तुरीची एक शेंग तोडून सोलत म्हणाला, "माझ्या आधीची तिघं भावंडं गेली. मंग आईनं नाव असं ठेवलं, मरणानं तोंड वाकडं करावं म्हणून. बाप गेल्यावर ही पण घातली." त्यानं बोट दाखवलं. घोड्याच्या नालाची काळी अंगठी होती, शनी उतरावा म्हणून घालतात ती. मग त्यानं सोललेले दाणे माझ्यापुढं धरले. "खा. हे मात्र गोड हायेत."

मी खाल्ले. हसल्याबद्दल मनातल्या मनात स्वतःच्या थोबाडीत पण मारून घेतली.

ही सत्त्याण्णव सालच्या हिवाळ्याची गोष्ट. मी बेबीनंदा, वडीगोद्रीची. रोज एस्टीनं अंबडला कॉलेजला यायचे. तो वाटूरचा, अंबडला खोली करून राहणारा. दोघंही एन.सी.सी.त. त्या वर्षी आम्हाला शिकवायला पंजाबातले एक हवालदारसाहेब आले होते आणि त्यांनी एक नवीनच खूळ आणलं होतं. नकाशा आणि होकायंत्र घ्यायचं, रानात लपवलेले लाल-पांढरे झेंडे शोधत पळायचं, प्रत्येक झेंड्यापाशी कार्डाला भोक पाडायचं, आणि जो आधी परत येईल तो जिंकला. साहेब त्याला ओरिएंटिअरिंग म्हणायचे. आम्ही म्हणायचो नकाशाची रेस.

होकायंत्रं कमी, म्हणून साहेबांनी जोड्या लावल्या. मुलगा-मुलगी अशी जोडी लावली तेव्हा कॉलेजात बोंबाबोंब झाली. साहेबांना त्याचं काही नव्हतं. "नकाशा बेबीनंदा का अच्छा, दौड़ कडूबा की अच्छी," एवढंच ते म्हणाले.

मग काय, रोज सकाळी धुक्यात आम्ही दोघं रानात. यंत्र माझ्या हातात, मी दिशा सांगायची आणि त्यानं पुढं पळायचं. शाळू ज्वारी डोक्याच्या वर गेलेली. पानांवरचं दव मानेत पडायचं. तो पुढं जाऊन पानं बाजूला धरायचा, मी गेले की सोडायचा. कधी सोडायला उशीर करायचा... आणि मी बघते म्हटल्यावर उगाच आभाळाकडं बघायचा.

"आभाळात झेंडा लावलाय का?" मी विचारायचे.

"न्हाई. पण इकडं बघितलं तर रस्ता चुकतो."

"मंग चुकू नकोस. मला ही रेस जिंकायचीय."

"मला पण. पण मला आधी ह्या ज्वारीतनं बाहेर पडायची घाई न्हाई."

गाल तापायचे. मी नकाशात तोंड घालायचे.

जिंकायचं होतं ते हौसेसाठी नव्हे. घरी माझं ठरत आलं होतं. पलीकडच्या तालुक्यातलं स्थळ. दोन टेंपो, ओलिताची जमीन, आणि हुंडा नको म्हणत होते. कशाला मागतील? त्याची पहिली बायको वर्षापूर्वीच भाजून मेली होती. स्टोव्ह भडकला, असं ते सांगत. माझ्या पाठच्या दोन बहिणी बघून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जास्त चौकशी केली नाही. मी रडले, भांडले, जेवण सोडलं. शेवटी अण्णा म्हणाले, "ह्या रेसमधी राज्याच्या कॅम्पला नंबर लागला, तर बी.ए. होईस्तोवर लग्नाचं नाव काढणार न्हाई. न्हाई लागला तर सुपारी फोडायची. शब्द शब्द असतो." मी शब्द घेतला. दुसरं होतंच काय माझ्याकडं!

हे मी कडूबाला एकदाच सांगितलं. त्यानंतर तो असा पळायला लागला, जशी काही ती सुपारी त्याच्याच डोक्यावर फुटणार होती.

रेसच्या दिवशी अवकाळी भुरभुर लागली होती. चिखल, काळी माती बुटांना लगद्यासारखी चिकटलेली. तरी सुरुवात झकास झाली. निम्मे झेंडे आम्ही सगळ्यांच्या आधी गाठले. मग एका बांधावरून उतरताना माझा पाय सटकला आणि उजवा तळहात सरळ बाभळीच्या काट्यांवर. काटे मोडून आत राहिले. मूठ वळेना, डाव्या हातात नकाशा, यंत्र काही केल्या स्थिर धरता येईना.

"दे माझ्याकडं," कडूबा म्हणाला. "पुढचा झेंडा विहिरीपाशी हाय ना? धरतो मी."

त्यानं यंत्र धरलं, दिशा घेतली, आणि आम्ही ज्वारीत शिरलो. विहीर लागली. पण झेंडा नव्हता.

"ही ती न्हाई," मी नकाशावर बोट ठेवलं. एकमेकींजवळ दोन विहिरी होत्या. आम्ही दुसऱ्या विहिरीवर आलो होतो. "कडूबा, अरे कसं काय... जल्दी चल!"

तो हलला नाही. विहिरीच्या कठड्याकडं बघत होता. तिथं बाईच्या चपला होत्या. जोडीनं, नीट लावून ठेवलेल्या.

आम्ही दोघांनी एकदमच खाली वाकून बघितलं. मोटारीच्या लोखंडी पाइपाला एका हातानं धरून एक बाई पाण्यात होती. चेहरा पाण्यावर, डोळे उघडे. ती ओरडत नव्हती. नुसती आमच्याकडं बघत होती.

कडूबानं बूट काढले. यंत्र आणि अंगठी माझ्या डाव्या हातात कोंबली. "आईनं घातलीय, हरवू नको. माणसं आण."

"तुला पोहता येतं ना?"

"बघू या," तो म्हणाला आणि पाइपाला धरून उतरला. तेवढ्यातही त्याला मस्करी सुचली. मला मात्र रडू फुटलं.

नकाशात जवळच एक वस्ती होती, पण ज्वारीत हातभर पुढचं दिसत नव्हतं. डाव्या हातात यंत्र धरून दिशा घ्यायला गेले तर काटा भलतीकडं वळून बसलेला. मुठीतली अंगठी कठड्यावर ठेवली. काटा सुटला आणि जागेवर आला. तेव्हा उजेड पडला. लोखंड! महिनाभर मी त्याच्या हाताला नावं ठेवली, आणि त्याच्या आईच्या मायेनं यंत्र फिरत होतं. ह्या अंगठीनंच आम्हाला चुकीच्या विहिरीवर आणलं होतं. मी अंगठी तिथंच सोडली आणि काटा दाखवील तशी पळत सुटले.

वस्तीवरून दोर आला, बाज आली, माणसं आली. सगळ्यांनी मिळून दोघांना वर ओढलं. कडूबाचे ओठ निळे पडले होते. ती बाई माझ्याच वयाची निघाली. सोनूबाई नाव. वस्तीवरच्या झुंबरबाईनं तिच्या अंगावर गोधडी टाकली, तर सोनूबाई माझ्या कानाशी म्हणाली, "कशाला काढलं, बाई?"

मी गोधडी तिच्या हातावर ओढायला गेले. तिच्या मनगटावर चटके होते, जुने आणि नवे.

तिचा नवरा सगळ्यात शेवटी आला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पाणी काढायला गेल्ती. पाय घसरला."

"पाय घसरणारी बाई चपला नीट लावून ठेवती का हो?" मी म्हणाले.

त्यानं माझ्या खाकी कपड्यांकडं बघितलं. "तुमची रेस चालू हाय ना? जा की मंग."

कठड्यावरची अंगठी मी कडूबाला दिली आणि आम्ही गेलो. आमच्याकडं दुसरं काय होतं? कार्डाची भोकं अर्धीच भरलेली. सगळ्यात शेवटी पोचलो. साहेबांनी ऐकून घेतलं, कडूबाला चहा पाजला, माझ्या हातातले काटे काढले. पण निवडीची नावं वर कळवून झाली होती.

घरी अण्णांनी विचारलं, "लागला नंबर?"

"न्हाई."

"बरं," ते म्हणाले आणि पाव्हण्यांना निरोप धाडला. आई आत भाकरी थापत होती, तिचे हात थांबले, पुन्हा चालू झाले.

त्यानंतर मला कॉलेज बंद. कडूबा भेटला नाही. काटे निघाले होते तरी तळहात ठणकायचा, आणि मी खोटं कशाला बोलू, हातापेक्षा जास्त तो आठवायचा. ज्वारीची पानं धरून उभा राहिलेला. पाण्यात उतरतानाही हसलेला.

सुपारीच्या दिवशी पाव्हणे आले. ओसरीवर सतरंजी, पानसुपारीचं ताट. मी नवी साडी नेसून आत बसले होते. कशाला तरी म्हणून मागच्या दारी गेले, तर बाभळीखाली सायकल धरून कडूबा उभा. दाढी वाढलेली, अंगावर धूळ.

"तू हितं? एवढ्या लांब सायकलवर?"

"एस्टीची वाट बघवली न्हाई." तो खाली बघत राहिला. "मी दर रविवारी त्या वस्तीवर जायचो. पाणी प्यायच्या निमित्तानं. सोनूबाई दिसली की जीवात जीव यायचा. काल गेल्तो तर..."

"तर?"

"झुंबरबाईनं सांगितलं. गेली. त्याच विहिरीत. ह्या बारी कुणी आलं न्हाई."

ओसरीवर कुणीतरी मोठ्यानं हसलं.

"तुला सांगायचं होतं फक्त," कडूबा म्हणाला. डोळे भरून आले होते त्याचे. "त्या दिवशी यंत्र माझ्या हातात नसतं तर तुझा नंबर लागला असता. पण मंग तिला... मला काही समजंना झालंय, बेबी. मी निघतो. तुझ्याकडं पाव्हणे आलेत."

त्यानं सायकल वळवली. आणि माझ्यातलं सगळं भ्यालेपण कुठल्या कुठं गेलं.

"कडूबा, थांब. मला तू पाहिजेस. ऐकलंस? तू." मी सायकलचं कॅरियर धरलं. "माझ्या विहिरीवर उद्या पळत येऊ नकोस. यायचं तर आत्ता ये."

त्यानं सायकल बाभळीला टेकवली.

मी ओसरीवर गेले. तो माझ्या मागं, उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला. "अण्णा, मला हे लग्न करायचं न्हाई."

अण्णांचा चेहरा काळा पडला. "रेस हरलीस तू. शब्द ठरला व्हता."

"कशानं हरले, विचारलं का तुम्ही? नंबर लागला का, एवढंच विचारलं." आणि मग मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. विहीर, चपला, चटके, 'कशाला काढलं'. आणि कालचंही.

नवऱ्या मुलाचे मामा, मच्छिंद्र मामा, पान जुळवत होते. ते समजुतीनं म्हणाले, "पोरी, घसरला असंल तिचा पाय. आमच्या घरातबी स्टोव्ह भडकलाच की. त्याला माणूस काय करणार?"

नवरा मुलगा चुना मळत होता. त्यानं मान हलवली.

अण्णा मामांकडं बघत राहिले. मग माझ्या हाताकडं, बऱ्या झालेल्या काट्यांच्या खुणांकडं. आई कधी दारात येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. तीच बोलली. जन्मात पाव्हण्यांपुढं बोलली नव्हती ती.

"सुपारी फोडायची न्हाई," आई म्हणाली.

अण्णांनी ताट उचललं आणि कोनाड्यात ठेवलं. "पाव्हणं, चहा घ्या. अन् या आता."

जे व्हायचं ते झालं. शिव्या, तंटा, गावभर बोंब. टेंपो धूळ उडवत गेला. गल्लीतल्या बाया दारात उभ्या. माझ्या बहिणींना आता कोण करणार, असं म्हणत अण्णा भिंतीला टेकून बसले, आणि एकदम म्हातारे दिसायला लागले. मला त्यांच्याजवळ जायचं धाडस होईना.

बऱ्याच वेळानं त्यांनी उंबऱ्याबाहेर बघितलं. कडूबा अजून तिथंच होता.

"तू कोण रे?"

"कडूबा. वाटूरचा."

"नोकरी?"

"न्हाई."

"जमीन?"

"थोडी. कोरडवाहू."

"मंग काय म्हणून उभा हायेस हितं?"

तो गोंधळला. माझ्याकडं बघितलं. ह्या खेपेला आभाळाकडं नाही, सरळ माझ्याकडं.

"तिनं बोलवलं म्हणून," तो म्हणाला. "बोलवलेलं असताना माणूस पोचला न्हाई तर काय होतं, ते मी काल बघून आलोय, अण्णा."

अण्णांनी सतरंजीचं एक टोक झटकलं आणि त्याला बसायला जागा केली.