सौंदडच्या डब्यातला आवाज

मंजू बिसेन यांच्या गोंदियातल्या कचेरीत दिवाळीत सहसा कोणी फिरकत नसे. खासगी तपासाची त्यांची कामं म्हणजे बहुतेक सोयरिकीच्या चौकश्या, आणि सणात माणसं सोयरिकी जमवण्यातच दंग असतात, चौकशीची आठवण त्यांना मागाहून होते. म्हणूनच भाऊबीजेच्या सकाळी त्यांचे मदतनीस खेमराज मेश्राम टेबलावर शेजारणीने दिलेले अनारसे मांडून निवांत बसले होते.

खेमराज एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. समोरचा माणूस खोटं बोलतो आहे हे आपल्याला चेहऱ्यावरून कळतं, असा त्यांचा दावा होता. आजवर तो एकदाही खरा ठरला नव्हता; पण खेमराज त्याने खचणारे नव्हते.

दार उघडलं आणि एक तरुणी आत आली. डोळे रडून सुजलेले.

"मॅडम, मी भूमिका. सौंदडहून पहिल्या गाडीनं आली. माह्या बाबाचा आवाज गेला म्हणतेत सारे. अन् तो मीच घालवला म्हणतेत."

खेमराजांचा अनारसा तोंडापाशीच थांबला.

मंजूबाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. भूमिकाचे वडील जागेश्वर म्हणजे दंडार या नाचगाण्याच्या लोकनाट्याचे नावाजलेले गायक. झाडीपट्टीत दिवाळीत भरणाऱ्या कितीतरी मंडया, म्हणजे जत्रा, त्यांनी गाजवल्या होत्या. गेल्या वर्षी गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता नुसतं कुजबुजल्यासारखं बोलता येतं. त्यांच्या भरातल्या गाण्याची एकच जुनी कॅसेट होती. गावातल्या फोटो स्टुडिओवाल्या हेमेंद्रकाकांनी ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि तिथून काढून डब्यात ठेवली. उतरवून होताच कॅसेटची फीत तुटून तिचा भुगा झाला.

"आज संध्याकाळी सौंदडची मंडई हाय. स्टेजवर बाबाचा सत्कार, अन् तेच गाणं लावाचं होतं."

"डब्यात ठेवली? जेवणाच्या?" खेमराजांनी विचारलं.

भूमिकाला रडतारडता हसू आलं. "नाई जी. दोन हार्ड डिस्का बसतेत असा डबा. फोटो, गाणी, लग्नाचे व्हिडिओ, साऱ्याचं कोठार. जुना झाल्ता, कंपनीनं त्याचं सॉफ्टवेअर देणं बंद केलं. अडून अडून चालत होता. म्हणून मी त्याच्यावर लिनक्स ही फुकटची सिस्टीम टाकली, अन् बूटलोडरही नवा केला."

"बूटलोडर म्हणजे?" आता मंजूबाईंनी विचारलं.

"डबा चालू केला का सगळ्यात आधी जागा होते तो छोटासा प्रोग्राम. तो डब्यातल्या चिपमध्येच राहते. उठला का पुढचा निळा दिवा लावते, डाव्या खणातल्या डिस्कवर लिनक्स शोधते, अन् भेटलं का त्याले उठवते. नाई भेटलं तर दिवा विझवून पुन्हा पहिल्यापासून शोधते."

"आणि उजव्या खणात?"

"तिथं गाणी अन् फोटो. उजवीकडं तो पाहतच नाई. मी त्याले तसं सांगितलंच नाई."

"बूटलोडर बदलताना चूक झाली असती तर?"

"तर डबा दगड झाला असता. दिवाही नसता लागला."

लिनक्स टाकल्यावर डबा लक्ष्मीपूजनापर्यंत झकास चालला. काल पाडव्याला सकाळी मात्र सुरूच होईना. हेमेंद्रकाकांनी कोहमाऱ्याच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या प्रफुलला बोलावलं. त्याने निकाल दिला, की या पोरीने डिस्क कोरी केली. आज दुपारी तो डिस्क फॉरमॅट करून कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर टाकणार होता.

"मले आता डब्याले हातही लावू देत नाई," भूमिका म्हणाली. "मॅडम, मी कोरी नाई केली."

मंजूबाई उठल्या. "खेमराजभाऊ, गाडी काढा. अनारसे सोबत घ्या."

कोहमाऱ्याच्या फाट्यावर ढाब्यांचा खमंग वास आला तेव्हा खेमराजांनी आशेने मंजूबाईंकडे पाहिलं. मंजूबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. गाडी थांबली नाही.

स्टुडिओच्या बाहेर बाकड्यावर एक उंच, वाळकुडे म्हातारे बसले होते. भूमिका उतरली तशी त्यांनी तिला जवळ ओढलं. "राहू दे वं," ते कसेबसे पुटपुटले. "आवाजच तर होता." भूमिकाला पुन्हा हुंदका आला. खेमराज उगाचच गाडीची काच पुसू लागले. त्यांच्याने ते पाहवेना.

आत हेमेंद्र, त्यांची बायको दुर्गा आणि लॅपटॉप उघडून बसलेला प्रफुल अशी मंडळी होती. टेबलावर तो डबा. कपाळी ठसठशीत कुंकू, वर वाळलेलं झेंडूचं फूल, समोर शेजारी शेजारी दोन खण.

मंजूबाईंनी बटण दाबलं. निळा दिवा लागला, थोडा वेळ लुकलुकला, विझला. पुन्हा लागला, पुन्हा विझला.

"काय दिसलं, खेमराजभाऊ?"

"बिघडला हाय. मेल्यात जमा."

"बरं," म्हणत मंजूबाईंनी तो बंद केला, वायर काढली आणि अलगद पुढे कलता केला. खणाच्या फटीतून टेबलावर तांदळाचा एक दाणा टपकला. लालसर. त्यांनी तो तळहातावर घेऊन खेमराजांना दाखवला.

"सौंदडात तांदूळ भेटला, याच्यात काय नवल?" खेमराज म्हणाले. "इथं माणसाच्या खिशातही भेटन."

मंजूबाईंनी दाणा रुमालात बांधला आणि प्रफुलकडे वळल्या.

"देखो मॅडम, सीधी बात हाय," प्रफुल म्हणाला. "काल मी डाव्या खणातली डिस्क काढली, लॅपटॉपले लावली. लॅपटॉप म्हणते, फॉरमॅट करा. म्हणजे कोरी. लिनक्सच्या नादात गेली. डिस्क होती तिथंच परत बसवली."

"तुम्ही येण्याआधी डबा चालत होता?"

"चालला असता तर मले बोलावलं कायले असतं?"

"आणि आता काय करणार?"

"डावी फॉरमॅट मारतो, सिस्टीम टाकतो. उजवी वाचली असन तर गाणं भेटन. नाई तर खल्लास."

खेमराजांनी मंजूबाईंना कोपऱ्यात घेतलं. "हाच तो. नवीन डबा खपवाचा हाय याले. चेहराच सांगून राहिला."

"चेहऱ्यावर अनारशाची खसखस आहे, तेवढंच दिसतंय मला. अनारसा तुम्हीच दिलात ना त्याला?"

दुर्गाबाईंनी तर विचारायच्या आधीच कबुली दिली. "परवा पूजेच्या आधी प्लग मीच काढला जी. दिव्याची माळ लावाची होती. पण यायनं आधी बटण दाबून डबा बरोबर बंद केल्ता. दुपारी तर भूमिकेनं त्याच्यावरचा आमच्या लग्नाचा व्हिडिओ दाखवला, मस्त चालला. सकाळी माळ काढून प्लग लावला, तं हे असं."

"मधल्या वेळात कोणी हात लावला?"

"कोणीच नाई. रातभर पूजेतच होता."

त्यांनी मोबाइलवर पूजेचा फोटो दाखवला. पाटावर लक्ष्मी. तिच्यापुढे ओळीने कॅमेरे, सगळ्यांच्या लेन्स देवीकडे. मधोमध डबा, त्याची वायरींच्या भोकांची पाठ फोटो काढणाऱ्याकडे. डब्यामागे मांडी घालून बसलेले हेमेंद्र, तेही पाठमोरे. आणि डब्याच्या पलीकडून, डावीउजवीकडे, पळसाच्या दोन पानांची टोकं डोकावत होती.

मंजूबाईंनी फोटो बराच वेळ पाहिला. मग हेमेंद्रांसमोर जाऊन बसल्या.

"हेमेंद्रभाऊ, सगळं देवीकडे तोंड करून ठेवता?"

"मंग? लक्ष्मीकडं पाठ करून ठेवाचं का?" हेमेंद्र चकित झाले. "पूजा उठेस्तोवर कोणाचं तोंड फिरवत नाई आम्ही. माह्या बाबाच्या वेळेपासूनची रीत हाय."

"आणि या डब्यात तुमची लक्ष्मी."

"डब्यात कायची? डबा तं नुसता पत्रा. लक्ष्मी डिस्कमध्ये! साऱ्या गावाचे लग्न हायेत तिथं."

"पाडव्याआधी डब्याला तुम्ही हात लावला होता?"

"मी? बटण बंद केलं तेवढंच. मी कायले हात लावू?" ते दुखावले. "जागेश्वर माहा दोस्त हाय, मॅडम. आज सकाळपासून त्याच्या तोंडाकडं पाहणं होऊन नाई राहिलं."

खेमराजांनी हळूच मान हलवली. माणूस खरं बोलत होता. गंमत म्हणजे या खेपेला त्यांचं बरोबर होतं.

एवढ्यात प्रफुलने डाव्या खणातली डिस्क काढून लॅपटॉपला जोडली. पडद्यावर चौकट आली. त्याने बोट उचललं.

"थांबा!" मंजूबाई ओरडल्या. "ते बटण दाबलंत, तर जागेश्वरबुवांचा आवाज खरोखरच जाईल!"

प्रफुलने हात असा मागे घेतला, जणू लॅपटॉपनेच चटका दिला असावा. मंजूबाईंनी वायर काढून डिस्क भूमिकाच्या हातात दिली आणि बाहेरून जागेश्वरबुवांनाही आत बोलावून खुर्चीवर बसवलं.

"पहिली गोष्ट," त्या म्हणाल्या. "बूटलोडर बिघडला असता तर दिवाच लागला नसता. इथे दिवा लागतो, लुकलुकतो, विझतो, पुन्हा लागतो. म्हणजे बूटलोडर जागा आहे, बिचारा राबतो आहे. डाव्या खणात लिनक्स शोधतो, त्याला ते मिळत नाही, आणि तो पहिल्यापासून सुरू करतो. भूमिकाचं काम चोख आहे."

"पण डिस्क कोरी हाय ना!" प्रफुल म्हणाला.

"कोरी कोण म्हणतं? तुमचा लॅपटॉप. लिनक्सच्या डब्यातली कुठलीच डिस्क त्याला वाचता येत नाही, म्हणून तो फॉरमॅट करा म्हणतो. न वाचता येणं वेगळं आणि कोरं असणं वेगळं. आता सांगा, लिनक्स पुसलं गेलं नाही, आणि डाव्या खणातही नाही. मग कुठे असेल?"

मग भूमिकाचे डोळे मोठे झाले. "उजव्या खणात!"

"डिस्कांची अदलाबदल झाली. प्रफुलभाऊ आले तेव्हा डबा आधीच बंद पडला होता, तेव्हा ते सुटले. पूजेच्या दुपारी तो चालत होता. राहिली पूजेची रात्र." त्यांनी रुमाल सोडला. "खेमराजभाऊ, हा तांदूळ सौंदडचा खराच. पण कुंकवात भिजलेला आहे. अक्षता डब्यावर पडली तर समजू शकते. ती खणाच्या आत गेली, म्हणजे डिस्का बाहेर काढून पूजल्या होत्या. फोटोत डब्यापुढे पळसाची पानं आहेत. दोन डिस्का, दोन पानं. हो ना, हेमेंद्रभाऊ?"

"मंग त्यायले हळदकुंकू नाई का लावाचं?" हेमेंद्र म्हणाले. "पण मी जशा काढल्या तशाच ठेवल्या! डावी डाव्या हाताले, उजवी उजव्या हाताले!"

"तिथंच तर घोळ झाला. काढल्यात कुठे?"

"टेबलावर. डब्याच्या समोरून."

"आणि परत बसवल्यात?"

"पाटावरच. डब्याचं तोंड देवीकडं होतं, फिरवता थोडंच येते? मागूनच हात घालून..." हेमेंद्र बोलता बोलता थांबले. त्यांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं.

"खेमराजभाऊ, जरा माझ्यासमोर उभे राहा. उजवा हात वर करा. माझ्या कुठल्या बाजूला आला?"

"डाव्या," खेमराज म्हणाले आणि एकदम उजळले. "अजी, हे तं मले ठाऊक होतं! मी प्रवाशायकडं तोंड करून उभा राहून डावीकडची सीट म्हणो, अन् ते भलतीकडंच जाऊन बसत!"

"तेच झालं. समोरून जो डावा खण, तो मागे बसलेल्या माणसाचा उजवा. हेमेंद्रभाऊंनी मोठ्या भक्तिभावाने लिनक्सची डिस्क गाण्यांच्या खणात बसवली आणि गाण्यांची लिनक्सच्या. आणि प्रफुलभाऊ जी डावी डिस्क निर्धास्त पुसायला निघाले होते, तिच्यावरच बुवांचं गाणं आहे."

प्रफुलने लॅपटॉप मिटला. "बाप रे. एक बोट दाबलं असतं तं..."

"पण मॅडम," हेमेंद्र कळवळून म्हणाले, "कोणी हात लावला, असं तुम्ही विचारलं ना? पूजेले हात लावणं म्हणते का कोणी?"

मंजूबाई खळखळून हसल्या. "नाही म्हणत. म्हणूनच कोणी सांगितलं नाही."

भूमिकाने उजव्या खणातली डिस्क काढली. तिच्या कडेला हळदीचं बोट उमटलेलं होतं. तिने ती डावीकडे सरकवली, हातातली उजवीकडे सरकवली, वायर लावली आणि बटण दाबलं. निळा दिवा लागला. लुकलुकला. दुर्गाबाईंनी हात जोडले.

दिवा स्थिर झाला.

थोड्या वेळाने स्टुडिओच्या स्पीकरमधून ढोलकीवर थाप पडली आणि पाठोपाठ आवाज आला. खडा, तापलेला, साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असा. समोरच्या किराणा दुकानातली माणसं पायरीवर आली. भूमिका बाबांच्या गुडघ्यावर डोकं टेकून मनसोक्त रडली आणि तिला ते आवरावंसं वाटलं नाही. खेमराजांनी तर लपवायचं सोडूनच दिलं होतं.

हेमेंद्र कान धरून मित्रापुढे उभे राहिले. "जागेश्वर, माफ कर बाप्पा. आज स्टेजवर तुह्यासाठी मी माह्या हातानं खुर्ची मांडतो. तू फक्त बस. गाणं डबा वाजवन."

जागेश्वरबुवा डोळे मिटून ऐकत होते. गाणं संपलं तसं त्यांनी डोळे उघडले आणि कपाळाला आठी घातली.

"तिसऱ्या कडव्याले घसरलो होतो," ते घोगरं कुजबुजले. मग खुर्चीच्या हाताला धरून उठले, धोतर सावरलं आणि जमिनीवर एक पाय ठोकून पाहिला. "खुर्ची नको मांडू, हेमेंद्र. गाणं म्हणू दे त्याले. नाचाचं मी पाहतो."

आणि त्या संध्याकाळी मंडईत ते नाचले.