बकरी घरी पोहोचेपर्यंत

बकरीने उडी मारली, आणि तिचे चारही पाय हवेत असतानाच पडद्यावर हिरवे पट्टे आले. त्यांच्यामागून गुलाबी पट्टे आले. मग लॅपटॉपचा पंखा जोरात घरघरला आणि सगळं काळं झालं.

"गया," पंचशील म्हणाला.

त्याची बहीण संबोधी हिने त्याच्यावर डोळे वटारले, पण तिलाही दुसरं काही सुचत नव्हतं. लॅपटॉप खरोखरच गेला होता, आणि या सुट्टीत तो तिसऱ्यांदा गेला होता. त्यांची मोठी बहीण प्राची नुसती काळ्या पडद्याकडे बघत बसली. ताई रडली असती तर बरं झालं असतं, असं संबोधीला वाटलं.

ही बकरी म्हणजे प्राचीताईचं सगळं भविष्य होतं. बारावी झाल्यावर तिला ॲनिमेशन शिकायचं होतं, आणि तिने निवडलेल्या कॉलेजला स्वतः बनवलेली एक छोटी फिल्म पाठवावी लागत होती. मुदत शनिवार संध्याकाळची, आणि आज गुरुवार. तिने गोष्ट निवडली होती इंदूरजवळच्या गौतमपुऱ्याची. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तिथे दोन गट समोरासमोर उभे राहतात आणि एकमेकांवर पेटते हिंगोट, म्हणजे दारू भरलेली पोकळ फळं, फेकतात. प्राचीने लहानपणी ते एका गच्चीवरून पाहिलं होतं आणि घाबरून आईच्या पदरात तोंड लपवलं होतं. तिच्या फिल्ममधली बकरी चुकून त्या दोन गटांच्या मधोमध सापडते आणि आगीतून वाट काढत घरी जाते. एवढीच गोष्ट, पण बकरी अशी झकास उतरली होती की पंचशील तिला "अपनी बकरी" म्हणायचा. बकरी कशी पळणार, कुठे अडखळणार, हे सगळं ताईने ठरवून ठेवलं होतं. आता लॅपटॉपने फक्त एकामागून एक चित्रं तयार करायची होती, आणि नेमका तोच तोंड फिरवून बसला होता.

अथर्व आला तेव्हा घरात असं सुतक पडलं होतं. अथर्व हा संबोधीच्या वर्गातला. त्याच्या आईची बदली नाशिकहून विजय नगरच्या एका आयटी कंपनीत झाली, म्हणून तो इंदूरला आला. प्रत्येक गोष्ट समजावून सांगायची त्याला फार हौस, म्हणून पंचशीलने त्याचं नाव सरजी ठेवलं होतं. अथर्वने सांगितलं की लॅपटॉपात चित्रं काढणारा एक वेगळा भाग असतो, त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात, आणि पट्टे आले म्हणजे तोच भाग आजारी आहे. हे सगळ्यांना आधीच माहीत होतं. बाजारातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानवाल्या संजीव भियांनी, म्हणजे इंदुरी बोलीत संजीवभाऊंनी, दोनदा तेच सांगितलं होतं, आणि दुसऱ्या वेळी तर चक्क नवीन कार्ड बसवून दिलं होतं.

"एका दुपारीत?" अथर्वने विचारलं.

हो, एका दुपारीत. आता मात्र सरजी विचारात पडले. अथर्वच्या माहितीप्रमाणे इतक्या जुन्या लॅपटॉपात ते कार्ड आतल्या मुख्य बोर्डावरच पक्कं केलेलं असतं. बल्ब बदलावा तसं ते बदलता येत नाही.

"मतलब भिया आपल्याला टोपी घालतायत," संबोधी म्हणाली.

पण एक गोष्ट कुणालाच उलगडेना. भियांनी काहीच केलं नसेल, तर दर वेळी त्यांच्या दुकानातून लॅपटॉप ठणठणीत होऊन कसा यायचा? दुकानात तो तासन्‌तास चालायचा, आणि घरी आणला की थोड्याच वेळात पट्टे. पंचशीलचं मत असं पडलं की लॅपटॉपला घर आवडत नाही.

युक्ती संबोधीची. अथर्वने छोट्या स्क्रू-ड्रायव्हरने लॅपटॉपचं खालचं झाकण उघडलं. आतल्या पंख्याच्या प्रत्येक स्क्रूवर संबोधीने ताईच्या लाल नेलपॉलिशचा थेंब सोडला, आणि अथर्वने फोनवर त्यांचे फोटो काढून ठेवले. पंखा काढल्याशिवाय कार्डापर्यंत हात पोहोचत नव्हता, आणि स्क्रू फिरला की पॉलिशला तडा जाणार होता. झाकण पुन्हा लावून त्यांनी लॅपटॉप आजोबांपुढे नेला.

आजोबांपुढे का, तर तो त्यांच्या घरचा नियम होता. भाऊराव आजोबा महूला फौजेच्या सिग्नल विभागात होते. वायरलेसचे सेट धुळीपासून जपण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी हीच माया घरातल्या वस्तूंना लावली. जाड खाकी कापड आणून त्यांनी मिक्सरला खोळ शिवली, टीव्हीला शिवली, पाण्याच्या फिल्टरला शिवली. त्यांच्या घरात माणसं सोडून सगळे वर्दीत असतात, असं आई म्हणायची. प्राचीचा लॅपटॉप तर आजोबांचा सगळ्यात लाडका. त्याची खोळ त्यांनी अशी बेतून शिवली होती की पडदा आणि बटणं उघडी राहत, बाकी खालून आणि चारही बाजूंनी बंद. काम करतानाही ती काढायची गरज नव्हती. फक्त सेट दुरुस्तीला जाताना खोळ स्टोअरमध्ये जमा करायची, हा फौजेतला रिवाज होता. त्याप्रमाणे, मुलांनी झाकण उघडताना काढून परत चढवलेली खोळ आजोबांनी उतरवली, घडी घालून कपाटात ठेवली आणि लॅपटॉप मुलांच्या हवाली केला.

शुक्रवारी संध्याकाळी संजीव भियांनी तो परत दिला. त्यांनी काउंटरवर हात आपटून सांगितलं, "अबकी बार एकदम ओरिजिनल कार्ड डाला है, भिया. टेन्शन नी लेने का."

घरी येताच अथर्वने झाकण उघडलं. नेलपॉलिशचे थेंब जसेच्या तसे होते, कशालाही साधा ओरखडा नव्हता. भियांनी पंख्याला हातसुद्धा लावला नव्हता. लॅपटॉप मात्र सुरळीत चालू होता आणि बकरी मजेत उड्या मारत होती.

तेवढ्यात आजोबा कपाटातून खोळ घेऊन आले. त्यांनी ती लॅपटॉपवर प्रेमाने चढवली, कोपरे नीट बसवले आणि ते फिरायला निघून गेले. संबोधीने सहज लॅपटॉपच्या बाजूला हात लावला, तिथे गरम हवा बाहेर पडायची फट होती. फट आता कापडाखाली होती. थोड्या वेळाने तिथलं कापड इतकं तापलं की तिने हात मागे घेतला. तिने अथर्वकडे पाहिलं. अथर्वचंही तोंड उघडंच राहिलं होतं.

दुकानात खोळ नसते. घरी असते. बस, एवढंच होतं.

"आजोबांची खोळ?" पंचशील हळूच म्हणाला. त्याला आता मस्करी सुचत नव्हती.

त्यांनी खोळ काढली आणि समोर टेबलफॅन लावला. हळूहळू पंख्याची घरघर थांबली. प्राचीने चित्रांचं काम सुरू केलं, आणि झोपायची वेळ झाली तरी एकही पट्टा आला नाही. ताई कितीतरी दिवसांनी हसली. अथर्वने मात्र तिच्या आनंदावर पाणी ओतलं. कार्ड इतके महिने भाजून निघालंय, ते आधीच कमजोर झालं असणार, आता पुन्हा तापलं तर संपलंच, असं तो म्हणाला.

राहता राहिला प्रश्न आजोबांना सांगायचा. कोण सांगणार? ज्या माणसाने चष्मा लावून, सुई बोटात टोचून घेत नातीसाठी खोळ शिवली, त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं की तुमच्या मायेनेच लॅपटॉपचा जीव घुसमटतोय? संबोधीने सरळ खोटं बोलायचं ठरवलं. खोळ मळली होती म्हणून धुवायला टाकली, असं तिने आजोबांना सांगून टाकलं आणि खरंच धुऊन दोरीवर वाळत घातली. आजोबा खूश झाले. पोरीला शिस्त लागली, म्हणाले. संबोधीला त्या क्षणी स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

शनिवारी सकाळी अर्ध्याहून जास्त फिल्म तयार झाली होती. असंच चालू राहिलं तर दुपारपर्यंत बकरी घरी पोहोचणार होती. तरीही जीवाला स्वस्थता नव्हती, म्हणून प्राची भंवरकुआंला मैत्रिणीच्या हॉस्टेलवर दुसरा एखादा चांगला कॉम्प्युटर मिळतो का ते बघायला गेली. आई-बाबा नोकरीवर गेले होते. झालेली चित्रं जोडून तेवढी फिल्म अथर्वने पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. मग तिघांनी संजीव भियांकडे जायचं ठरवलं. निघताना संबोधी आजोबांना म्हणाली, "आजोबा, तुम्ही लॅपटॉपवर लक्ष ठेवा हं."

दुकानातला प्रसंग तुम्ही बघायला हवा होता. शनिवारची गर्दी होती. या मुलांच्या लॅपटॉपचं कार्ड आपण कसं बदललं, हे भिया गिऱ्हाइकांपुढे छाती फुगवून सांगत होते. मग अथर्वने फोनवरचे फोटो दाखवले. हे दुकानात देण्याआधीचे थेंब, हे दुकानातून आणल्यावरचे. पंचशीलने अगदी साळसूदपणे विचारलं की भिया, स्क्रू न फिरवता कार्ड बदलायची जादू आम्हालाही शिकवाल का. गिऱ्हाइकं हसायला लागली. भियांचा चेहरा उतरला. शेवटी त्यांनी सगळ्यांदेखत हात जोडले आणि कबूल केलं की लॅपटॉप चालू करून पाहिला, चालला, म्हणून तसाच परत दिला. तिघंही रस्ताभर त्यांच्या चेहऱ्याची नक्कल करत घरी आले.

घरी शिरताच संबोधीचे पाय थांबले.

बाहेर उन्हाची झळ आणि धूळ उठली होती. आजोबांनी खिडक्या बंद केल्या होत्या. धूळ उडू नये म्हणून टेबलफॅनही बंद केला होता. मेच्या उन्हात खोळ केव्हाच वाळली होती, आणि आजोबांनी तिला इस्त्री करून लॅपटॉपवर चढवलं होतं. शेजारी खुर्ची टाकून ते ताठ बसले होते, पहाऱ्यावर बसावं तसे. पडदा काळा होता.

"आत्ताच झोपला बघ तो," आजोबा म्हणाले. "मी हललो नाही इथून."

अथर्वने खोळ ओढून काढली, फॅन लावला, पुन्हापुन्हा बटण दाबलं. पंचशीलने तर पुठ्ठ्याने वारा घातला. एकदा पट्टे आले, फिकट, आणि गेले. नंतर तेही आले नाहीत. प्राची परतली तेव्हा तिला सांगावं लागलं नाही. हॉस्टेलवरही काही जमलं नव्हतं. तिथल्या कॉम्प्युटरवर उरलेल्या चित्रांना आठवडा लागला असता. ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

आई-बाबा आले आणि दुकानाची हकिगत ऐकून त्यांनी मुलांची पाठ थोपटली. किती हुशार पोरं, कशी पकडली लबाडी, असं सगळं झालं. त्या भियानेच लॅपटॉपची वाट लावली, असं बाबा तावातावाने म्हणाले. आजोबांनीही मान डोलावली आणि खोळ उचलून पुन्हा नीट घडी घालायला घेतली. संबोधीला ते कौतुक घशाखाली उतरेना. आत्ता गप्प राहिलं तर सगळं भियांवर ढकलून मोकळं होता येणार होतं. आणि उद्या आजोबा दुसऱ्या लॅपटॉपलाही खोळ शिवणार होते.

"बाबा, भियांनी काहीच केलं नाही," ती म्हणाली. "चांगलं नाही आणि वाईट पण नाही. लॅपटॉप खोळीमुळे गेला. तिच्यात तो गुदमरत होता. आम्हाला कालच कळलं होतं, आणि मी आजोबांशी खोटं बोलले."

आजोबांचे हात घडीवरच थांबले.

"काल का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं," आजोबा म्हणाले. मग त्यांनी खोळ बाजूला ठेवली. त्यांचा आवाज नेहमीचा खणखणीत नव्हता. "वायरलेसवर वाईट खबर आली ना बेटा, तर ती दाबून नाही ठेवत. समोरचा रडेल म्हणून तर बिलकुल नाही. तू उशिरा दिलीस. पण दिलीस. बाकी शाबासकी सोड, ही माझी घे."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि संबोधी दिवसभरात पहिल्यांदा हमसून हमसून रडली.

प्राचीने पेनड्राइव्हवरची अर्धवट फिल्म फोनवरून कॉलेजला पाठवली आणि खाली खरं काय ते लिहिलं. उत्तर लगेच आलं. चार सभ्य वाक्यांत त्यांनी कळवलं होतं की अपूर्ण फिल्म घेता येत नाही, पुढच्या वर्षी जरूर पाठवा. प्राचीने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि फोन उशीखाली सरकवला.

आजोबा उठून तिच्या पलंगाशी जाऊन बसले. आपण ती फिल्म अजून पाहिली नाही, असं ते म्हणाले. दाखवायची प्राचीची इच्छा नव्हती, पण आजोबा काही उठेनात. शेवटी पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. अंधाऱ्या मैदानात दोन्हीकडून पेटते हिंगोट उडाले. बकरी दचकली, पळाली, पडली, उठली. तिच्या कानाजवळून एक ठिणगी गेली तेव्हा आईने पंचशीलचा हात धरला. मग बकरीने गल्लीच्या तोंडाशी जोरात उडी मारली, आणि फिल्म तिथेच संपली.

आजोबा पडद्याकडे बघतच राहिले.

"मग पोहोचते का ती घरी?" त्यांनी विचारलं.

"पोहोचते, आजोबा," प्राची म्हणाली. "फक्त ते कुणी बघितलं नाही."

"मला सांग," आजोबा म्हणाले.

प्राची उठून बसली. डोळे पुसत, अडखळत तिने सांगायला सुरुवात केली, की गल्लीत अंधार असतो, आणि बकरीला आपलं दार लगेच सापडत नाही.