रक्त देण्याआधीची गोळी

काझिकने सकाळच्या गोळीची बशी दूर सारली आणि गोळी टेबलावरून घरंगळत बीटच्या सुपाच्या पातेल्याला जाऊन अडली.

"आज रक्त तपासायला द्यायचंय. त्याआधी गोळी घ्यायची नाही, असं तूच बजावतेस ना, जेलरबाई?"

धाकट्या भावाच्या, मनाच्या आजारावरच्या लिथियमच्या गोळ्या नऊ वर्षं मोजणाऱ्या हालिनाच्या हातांनी आज पुन्हा तीच चूक केली होती.

नऊ वर्षांपूर्वी ती डेट्रॉइटच्या एका प्रयोगशाळेत कामाला होती. खाण्यातून लिथियम दिलेल्या उंदरांच्या मेंदूत, पेशींना मरणापासून राखणारं एक प्रथिन वाढतं. त्या प्रथिनाचा पट्टा तपासणीच्या फिल्मवर गडद उमटलेला पहिल्यांदा पाहिला, तेव्हा तिचं अंतःकरण भरून आलं होतं. काझिकच्या डोक्यातही असाच कुणी पहारेकरी उभा असेल! प्रयोगशाळेतल्या त्याच पट्ट्यांकडे धावण्याच्या घाईत एका सकाळी तिने रक्त काढण्याआधीच त्याच्या हातावर गोळी ठेवली. रक्तातल्या लिथियमचा आकडा खोटाच चढला, डॉक्टरांनी मात्रा कमी केली, आणि तीन आठवड्यांनी काझिक चर्चच्या पायरीवर, बर्फात अनवाणी बडबडत सापडला. त्या गोळीबद्दल ती कुणापाशी अवाक्षर बोलली नाही. नोकरी तेवढी सोडली... आणि या स्वयंपाकघरात स्वतःला कोंडून घेतलं.

"आणि हे काय?" पावाच्या डब्याखालचं पत्र त्याने ओढून काढलं. प्रयोगशाळेने तिला परत बोलावलं होतं. उत्तराची मुदत आज संपत होती. "नाही म्हणणार होतीस?"

"तुझ्याकडे कोण बघेल?" तिचा आवाज फाटला. "काझिक, तेव्हा तू आजारी पडलास ना, ते माझ्यामुळे. त्या दिवशी मीच तुला..."

"माहीत आहे. गिळली मीच होती ना?"

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

त्याने हातातला कप बशीवर ठेवला.

"माफ केलं असतं तर तू गेली असतीस, हालिंका."

मग त्याने पातेल्यापाशी पडलेली गोळी उचलली, कागदात गुंडाळली आणि स्वतःच्या खिशात ठेवली.

"रक्त देऊन झालं की घेतो. मीठ रोज तेवढंच, पाणी रोज तेवढंच, नाहीतर रक्तातला आकडा बिघडतो... पाठ आहे मला. तू उत्तर लिही."

त्याच्याबरोबर निघायला सवयीने तिचा हात कोटाकडे गेला... आणि खुंटीपाशीच थांबला. खिडकीतून ती बघत राहिली. कोपऱ्यावर वळताना काझिकने खिसा एकदा चाचपला आणि एकटाच पुढे गेला.