कॅनवरचा क्यू

"कुकर!"

"कुकर सीनं सुरू होतो, गाढवा!"

"मग कोंबडी?"

"अश्वजित, इंग्रजी शब्द पाहिजे, इंग्रजी!" मेघानं कपाळावर हात मारला. नऊ वर्षांच्या धाकट्या भावाला सोबत घेतल्याचा तिला आता पुरता पस्तावा होत होता.

पवनारच्या वाचनालयानं उन्हाळ्याच्या सुट्टीत एक भन्नाट स्पर्धा काढली होती. चिठ्ठी उचलायची, त्यावर येईल ते इंग्रजी अक्षर आपलं. त्या अक्षरानं सुरू होणारे वीस शब्द जमवायचे. दहा रोजच्या वापरातले, दहा कधी न ऐकलेले. खरी मेख पुढेच होती. शब्दकोश बंद, मोबाइल बंद! शब्द गावात कुठेतरी लिहिलेला दिसलाच पाहिजे. पाटीवर, पुड्यावर, डब्यावर, कुठेही!

बाकीच्यांना बी, पी, एस मिळाले. मेघाच्या नशिबी आला क्यू! चार दिवस उन्हात भटकून हाती काय लागलं, तर टेलरच्या पाटीवरचा 'क्वीन', चिवड्याच्या पुड्यावरचा 'क्वालिटी', पोत्यावरचा 'क्विंटल' आणि सरकारी घरांवरचा 'क्वार्टर'. न ऐकलेला एकही नाही.

"चल फाट्यावर," मेघाचा वर्गमित्र दुर्गेश म्हणाला. "आजी पाणपोईवर हाय. तिथं लय बॅनर लागले."

फाट्यावर त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता पाणपोईचं उद्घाटन होतं. पाणपोई शहराला लागून असलेल्या पिपरी मेघेच्या बंडूजींची. प्लॉट विकणारा हौशी माणूस, मनानं चांगला, पण कामात घाई आणि नावाची भारी आवड! पाणी वाढायला त्यांनी दुर्गेशची आजी, रामबाई, हिला ठेवलं होतं. पहिला गिलास सगळ्यांसमोर तिनंच प्यायचा आणि फोटो पेपरात यायचा, असंही ठरलं होतं. त्यासाठी रामबाईनं ठेवणीतलं लुगडं काढलं होतं.

मेघाचं लक्ष मात्र लुगड्याकडे नव्हतं. मंडपात ओल्या बारदान्यात गुंडाळलेल्या चार मोठ्या पांढऱ्या कॅन होत्या, नळ बसवलेल्या. प्रत्येकीच्या तोंडाशी वाळ्याची ही मोठी जुडी! वाळा घालतात, पण इतका? दुधात पाणी आहे का, हे मेघा दुधाकडे न बघता दूधवाल्याच्या तोंडाकडे बघून सांगायची. अशी शंकेखोर पोर! तिनं हळूच बारदाना वर केला.

"दुर्गेश, क्यू!"

स्टिकर खरडून काढलं होतं. उरलं होतं ते एवढंच: क्यू, यू, आय, एन. पुढचं गायब. खाली '२५ टक्के ईसी' आणि कोपऱ्यात एक पिवळा त्रिकोण.

"काय करून राह्यले रे पोट्टेहो?" मागून बंडूजी आले.

"काका, हा कोणता शब्द आहे?"

"हा? क्विक! म्हणजे पाणी लवकर थंड होते."

"पण ही ईसी काय?"

"एसी असन रे! पंचवीस टक्के एसी. स्पेलिंग चुकलं असन त्याहीचं!" बंडूजी खो खो हसले.

"मग बाकीचं स्टिकर काऊन खरडलं?" मेघानं विचारलं. "अन् वाळा एवढा काऊन घातला?"

बंडूजींचं हसू तिथंच मावळलं. "जा, तिकडं खेळा! मोठ्याच्या कामात नाक नका खुपसू!"

पोरं बाहेर आली. "पाहिलं? चेहरा कसा झाला! पाणी मुरतंय कुठंतरी," मेघा कुजबुजली.

दुर्गेश डोकं खाजवत होता. "ते ईसी मी पाह्यलं हाय. प्रभाकररावाच्या कृषी केंद्रात. लय बाटल्यांवर असते."

झालं! तिघं सायकली हाणत गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचले. मेघानं वहीत उतरवलेली अक्षरं दाखवली. प्रभाकररावांनी चष्मा लावला, मागच्या फळीवरची एक कॅन दाखवली आणि ओरडले, "हात नको लावू!"

तोच पिवळा त्रिकोण, त्याच्या वर लाल अक्षरांत 'विष', आणि अख्खं नाव. क्विनॉलफॉस!

"कपाशीवरच्या अळीचं औषध आहे ते. ईसी म्हणजे पाण्यात कालवून फवारायचं. पोटात गेलं तर माणूस हाती लागायचा नाही! कुठं दिसलं तुला?"

मेघानं सांगितलं. प्रभाकररावांचा चेहरा पांढराफटक पडला. "पाण्यासाठी? अरे देवा! कितीही धुतली तरी ती कॅन प्यायच्या पाण्याला चालत नाही. भोकं पाडून मोडायची असते!" त्यांनी बंडूजींना फोन लावला. एकदा, दोनदा, तीनदा. कोण उचलतो! घड्याळात पावणेपाच झाले होते.

"पळा तुम्ही! मी दुकान बंद करून आलोच!"

मेघानं वहीच्या कोऱ्या पानावर मार्करनं तो शब्द ठळक उतरवला आणि सायकलवर टांग टाकली. दुर्गेश चार हात पुढेच होता. मागे वळून वळून तो विचारत होता. "आजीनं पिलं असन तं? मेघा, पिलं असन तं?"

फाट्यावर ही गर्दी! कर्णा कानठळ्या बसवत होता. रामबाई हातात भरला गिलास घेऊन फोटोवाल्याची वाट पाहत उभी होती.

"आजी, नको पिऊ!" दुर्गेश जीव खाऊन ओरडला. कर्ण्यापुढे कोणाला ऐकू जाणार? उलट एका काकांनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं. "काऊन कल्ला करून राह्यला बे?"

मेघाच्या लक्षात आलं, 'थांबा' म्हटलं तर कोणी थांबणार नाही. ती सरळ कॅनशेजारच्या मंचावर चढली. "काका, मला तुमच्याबद्दल दोन चांगले शब्द बोलायचे आहेत!"

कौतुकाला कोण नाही म्हणतो? बंडूजींनी फोटोवाल्याला हातानं थांबवलं आणि लगेच माइक पुढे केला.

"बंडूजींनी आज मला क्यूचा एक नवा शब्द दिला," मेघा म्हणाली. "सगळ्यांनी बघा!" तिनं एका झटक्यात बारदाना ओढला आणि वहीचं पान स्टिकरच्या शेजारी धरलं.

क्षणभर कोणाला काही कळेना. मग पुढच्या रांगेतले कवडूबुवा ताडकन उठले. शाळेचं तोंड न पाहिलेला म्हातारा!

"अबे थांबा! मले एबीसीडी येत नाई, पण हा शब्द मी झोपेतबी वळखन! दरसाल फवारतो मी हे. कपाशीचं औषध हाय! रामबाई, फेक तो गिलास!"

रामबाईच्या हातून गिलास सुटला. दुर्गेश हिसडा देऊन धावला आणि आजीला बिलगला. "नाई पिलं रे, नाई पिलं," ती त्याला थोपटत राहिली. मग एकदम भानावर येऊन तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "उन्हात दुपट्टा न बांधता सायकल हाणत आला काऊन?"

बंडूजी मटकन खुर्चीत बसले. "कबाडी म्हणे औषधाची कॅन हाय, एकदम मजबूत. मले वाटलं, दवाखान्यातलं औषध! स्टिकर खरडलं, सोड्यानं चारदा धुतली. वास जाईना, म्हणून वाळा घातला."

फवारणीच्या विषाला आपल्याकडे सगळेच औषध म्हणतात. शहरातल्या माणसाला ते कोण सांगणार? पण हसू कोणालाच आलं नाही.

तेवढ्यात धापा टाकत प्रभाकरराव आले आणि त्यांनी चारही कॅन ताब्यात घेतल्या. बंडूजींनी सगळ्यांसमोर मेघापुढे हात जोडले. "पोरी, लहान हायेस, पण मोठ्या पापातून वाचवलं तू मले. उद्या इथं मातीचे रांजण बसतीन!"

"तिघांचीही नजर मोठी तीक्ष्ण आहे," सरपंचबाई म्हणाल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. अश्वजितनं तर वाकून नमस्कारही केला, जसं सगळं त्यानंच केलं होतं!

तेवढ्यात गर्दीतून सुलोचनाबाई हळूच पुढे आल्या. "पोरी, अशी एक कॅन माझ्याबी घरी हाय. वावरात पानी नेतो आमी तिच्यातून."

"आमच्या इथं दोन हायत," मागून कोणीतरी म्हणालं. मग आणखी एकीनं हात वर केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयाच्या पायरीवर बायांची रांग लागली होती. कोणाच्या हातात कॅन, कोणाच्या डबा, कोणाच्या बाटली. "हे वाच वं पोरी, काय लिवलं हाय?" बहुतेकांवर क्यू नव्हताच, दुसरीच अक्षरं होती. स्पर्धेत त्यातलं काही चालणार नव्हतं. मेघानं दुपारपर्यंत बसून एकूण एक वाचून दिलं.