बोगद्यात विमान उतरत नाही

मंगळवारी सकाळी सव्वासातला मेहकरच्या लोणार रस्त्यावर, नीळकंठ कस्तुरे यांच्या बैठकीत, देवापुढे लावलेल्या उदबत्तीचा धूर वीतभर सरळ वर गेला आणि मग आडवा वळला. लाइट गेलेली होती. खिडक्या बंद होत्या. धूर समोरच्या कपाटाकडे गेला, कपाटावर ठेवलेल्या लाकडी विमानाच्या नाकाशी दुभंगला, पंखांच्या वरून आणि खालून वाहिला आणि शेपटीमागे पुन्हा एक झाला.

प्रतिमाकाकूंनी दुसरी उदबत्ती लावून पाहिली. तेच झालं. मग त्यांनी नवऱ्याला हाक मारली आणि नंतर मला फोन केला.

मी बुधवारी तिथे जाणारच होते, पण वेगळ्या बातमीसाठी. बंगळूरच्या ज्या सरकारी संस्थेत कस्तुरे काकांनी आयुष्यभर नोकरी केली, ती आता जुन्या प्रकल्पांचं एक दालन उभारत होती. कपाटावरचं ते सागवानी विमान त्यांना हवं होतं. आमच्या पेपरात पान तीनवर एक फोटो आणि दीडशे शब्द, एवढंच काम.

विमानाची गोष्ट थोडक्यात अशी. सत्तरच्या दशकाच्या शेवटी काका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कच्च्या जमिनीवर उतरू शकेल असं छोटं विमान आखलं. पायलट धरून नऊ माणसं बसतील एवढं. पाऊस संपल्यावर वखरलेल्या वावरात उतरायचं, आजारी माणसं न्यायची, टपाल आणायचं, निवडणुकीत मतपेट्या पोचवायच्या. दोन मंत्रालयांनी थोडे थोडे पैसे दिले. पुढे प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं आणि काम बंद झालं. खऱ्या विमानासाठी एक पत्रासुद्धा कापला गेला नव्हता. झालं होतं ते फक्त हे लाकडी विमान, दीड हात पंखांचं. भंगाराच्या लिलावात ते निघालं तेव्हा काकांनी रीतसर विकत घेतलं आणि मेहकरला आणलं.

बुधवारी मी पंखा बंद असल्याची खात्री केली. दाराखालच्या फटीला ओला टॉवेल लावला. विमानापासून हातभर अंतरावर निरांजन धरलं. ज्योत सरळ होती. उदबत्तीचा धूर मात्र आडवा. खोलीत वारा नव्हता. विमानाभोवती होता.

"असंच दिसायचं," काका म्हणाले. खुर्ची कपाटाला भिडवून ते बसले होते. काचबिंदूने त्यांचा उजवा डोळा गेला आहे. डाव्याने नळीतून पाहावं तेवढं दिसतं आणि तेही कमी होत चाललं आहे. "आमच्याकडे वाऱ्याचा बोगदा होता. खोलीएवढी नळी, एका टोकाला पंखा. मधे हे बसवायचं, धुराचे दोरे सोडायचे आणि हवा कशी वाहते ते पाहायचं."

"किती वर्षं उडवलंत?"

"आठ. पण उतरवलं कधीच नाही. बोगद्यात विमान नुसतं उडतं. उतरायला जमीन लागते, ती बोगद्यात कुठून आणणार?" ते हसले. "डोळा जायच्या आत तेवढं पाहायचं राहिलं, बघ."

तेवढ्यात जानराव आले. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, काकांचे शाळेपासूनचे दोस्त. घरामागचं काकांचं वावर तेच बटईने करतात.

"कुठवर गेलं बे नीळू तुहं इमान? लोणार तं गाठलंच असंन."

"तू चालवायला असतास तर अजून स्टँडवरच असतं, जान्या."

"पायलट कोण होता मग?" मी विचारलं.

"नेमायची वेळच आली नाही," काका म्हणाले. "ती जागा रिकामीच राहिली."

"मले घेतलं असतं तं?" जानराव म्हणाले. "इतके साल एस्टी चालोली, एक डाव बी खड्ड्यात नाही घातली."

"वर खड्डे नसतात रे. तुला करमलं नसतं."

काकू हसल्या नाहीत. "इतकी वर्षं गप्प बसलं होतं. आता कुठे उडायला लागलं तर तुम्ही देऊन टाकताय?"

"सरकारच्या पैशातून झालंय. त्यांच्या दालनात हवं. शब्द दिलाय मी."

गुरुवारी संस्थेची गाडी आली. चिन्मय नावाचा तरुण अधिकारी होता. त्याने विमान स्पंजमध्ये गुंडाळलं, पेटीत ठेवलं, ते ज्या लोखंडी दांडीवर उभं होतं तीही घेतली. काका गाडीपर्यंत गेले. पेटीवर एकदा हात ठेवला आणि परत आले. माझी बातमी शुक्रवारी छापून आली.

शनिवारी सकाळी काकूंचा फोन आला. "ये," एवढंच म्हणाल्या.

कपाटावर काही नव्हतं. धुळीत दांडीच्या बैठकीचा गोल उमटलेला होता. काकूंनी उदबत्ती लावली. धूर आडवा गेला आणि कपाटाच्या वर, मोकळ्या हवेत, दुभंगला. वरून गेला, खालून गेला. मधे विमानाच्या आकाराची स्वच्छ जागा उरली. नाक, पंख, शेपटी.

मी तिथे हात घातला. बोटांना वारा लागला, फार गार. हात काढला तेव्हा नखं निळी पडली होती.

सोमवारी मी चिन्मयला फोन केला. विमान काचेच्या पेटीत बसवलं होतं. पेटी उघडून उदबत्ती लावून बघा, असं सांगितल्यावर तो हसला, पण त्याने लावली. "सरळ वर जातोय धूर, मॅडम. विझवतो हं, नाहीतर इथला अलार्म वाजेल."

काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "त्यांच्याकडे लाकूड गेलं."

दिवाळी आली. धुरातली मोकळी जागा वाढत होती. भाऊबीजेला पंखांची टोकं दोन्ही भिंतींपर्यंत पोचली. दूरची वस्तू जवळ येताना मोठी दिसते तशी. घरात कोणी घाबरलं नव्हतं. काकूंनी त्या दिवशी उकडीचे मोदक केले होते. जानराव खाली वाकून बराच वेळ पाहत होते.

"नीळू, पोटाखाली बी फाटून राह्यला बे धूर. तीन जागी. एक म्होरं, दोन मांगं."

काकांनी वाटी खाली ठेवली. "त्या मॉडेलला चाकं नव्हती," ते म्हणाले. आणि लगेच, "जान्या, मागच्या वावरात या साली हरभरा पेरू नको."

"काऊन? तुह्या इमानाले जागा पायजे म्हून?"

"हो."

जानरावांनी मागच्या दारातून वावराकडे पाहिलं. "अर्ध्यात पेरतो," ते म्हणाले. "अर्ध सोडतो. पन इमानानं माह्या हरभऱ्याले हात लावला तं तुह्याकून वसूल करीन."

सोयाबीन निघालेलंच होतं. जानरावांनी सोडलेला पट्टा दोनदा वखरला, ढेकळं फोडली. काकूंनी जुन्या केशरी साडीची लांब पिशवी शिवली, दोन्ही तोंडं उघडी. ती बांबूला बांधून बांधावर उभी केली. वारा कुठून आहे ते वरून दिसायला पाहिजे, असं काकांचं म्हणणं. ते रोज दुपारी बांधावर खुर्ची टाकून बसू लागले. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. नेत्रतपासणीची तारीख त्यांनी पुढे ढकलली.

काल सकाळी उदबत्तीचा धूर घरात सरळ वर गेला.

"घरातून गेलं," काकू फोनवर म्हणाल्या. "हे म्हणताहेत, संध्याकाळी वावरात ये."

मी साडेपाचला पोचले. ऊन अजून बांधापलीकडच्या तुरीच्या शेंड्यांवर होतं. जानरावांनी बांधावरचा काडीकचरा पेटवला होता आणि त्याचा पांढरा धूर पट्ट्यावर पसरत होता. तुरीचं पान हलत नव्हतं.

केशरी पिशवी मात्र भरलेली होती. ताठ, आडवी.

मग पट्ट्याच्या त्या टोकाला, कडुनिंबाच्या वर, धूर उघडला.

पंख पट्ट्यापेक्षा रुंद होते. आवाज काही नव्हता. मला पलीकडच्या रस्त्यावरची एसटी ऐकू येत होती.

"चाकं?" काकांनी विचारलं. त्यांचा चेहरा तिकडेच होता, पण नजर धुराच्या बरीच खाली लागलेली होती.

"खाली आहेत," मी म्हणाले.

"उंची?"

"लाइटीच्या खांबाएवढी," जानराव म्हणाले. "आता झोपडीएवढी. आता..."

ते थांबले.

"जान्या?"

"मानसाएवढी."

माझ्या तोंडावर गार वारा आला. विस्तवातून ठिणग्या उडाल्या आणि सगळ्या एकाच दिशेने गेल्या.

पिशवी बांबूला लोंबली. धूर एकत्र आला आणि सरळ वर जाऊ लागला.

"उतरलं?"

"उतरलं, बे," जानराव म्हणाले. त्यांच्या बोटांतली बिडी कधीच विझली होती.

काकांनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले. बराच वेळ तसेच बसले, हसत.

मी पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहिला. माती भुसभुशीत होती. तिच्यावर चाकाची खूण नव्हती. हरभऱ्याचा एकही कोंब मोडलेला नव्हता.

आज सकाळी सव्वासातला मी पुन्हा कस्तुऱ्यांच्या घरी होते. काका नेहमीच्या खुर्चीत बसले होते. समोर एक रिकामी वेताची खुर्ची होती. रोज ती माडीवर असते. काकूंनी चहा आणला. आम्ही चौघे होतो, ट्रेमध्ये कप पाच होते. पाचवा त्यांनी वेताच्या खुर्चीपाशी ठेवला.

उदबत्तीचा धूर आडवा गेला. वेताच्या खुर्चीपाशी, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, तो दोन्ही बाजूंना फुटला.

"उतरताना बाजूचा वारा लागला का?" काकांनी खुर्चीला विचारलं.

ते थांबले. मग त्यांनी मान हलवली, समाधानाने.

"आणि बाकीचे?"

पुन्हा थांबले.

"प्रतिमा," ते म्हणाले, "अजून आठ कप काढ."

दारात उभे असलेले जानराव वाट देत बाजूला झाले.