शहाणं लुकण

“मॅडम, गळती बंद केलीत ते झकास झालं. पण आता पाईपाला आतून काय होतंय, ते आम्हाला सांगणार कोण?”

पालशेतकर काकांनी हे विचारलं तेव्हा शलाका केळसकरच्या हातात अर्धा खाल्लेला पेढा होता. खाडीकाठच्या त्या रंगद्रव्यांच्या कारखान्यात चाळीस किलोमीटर लांबीचे पाईप होते आणि त्या पाईपांना नऊ हजार सांधे. त्यातला शेवटचा सांधा त्या दिवशी सकाळी लुकणाने भरला गेला होता. दीड वर्षापूर्वी पहिला सांधा भरला तेव्हापासून भरलेल्या एकाही सांध्यातून आम्लाचा थेंब पडला नव्हता. साहेबांनी भाषण केलं, पेढे वाटले, आणि ज्या प्रयोगशाळेत हे लुकण जन्माला आलं तिची प्रमुख म्हणून शलाकाला शाल दिली. पालशेतकर काका एकतीस वर्षं फिटर होते. हातात पाना घेऊन पाईपांच्या खालून चालायचं आणि कुठे थेंब पडतोय ते शोधायचं, हीच त्यांची नोकरी.

“काका,” शलाका हसून म्हणाली, “घरी माझी सात महिन्यांची लेक दिवसभर रडते. रडणं ऐकून कान किटलेत हो. निदान इथे तरी शांतता असू दे.”

काकाही हसले. पेढा त्यांनी कागदात गुंडाळून खिशात टाकला आणि ते निघून गेले. शलाका ते बोलणं विसरूनही गेली.

त्या पदार्थाचं कागदोपत्री नाव ‘आकारानुवर्ती बहुवारिक’ असं होतं. ते उच्चारताना कामगारांची जीभ वळेना, म्हणून त्यांनी त्याला ‘शहाणं लुकण’ म्हणायला सुरुवात केली. खिडकीच्या काचा बसवताना सुतार लावतो ते लुकण आपल्याला ठाऊक असतं. ते एकदा वाळलं की वाळलं. पुढे लाकूड आकसलं की त्याला भेगा पडतात. शहाण्या लुकणाची गोष्ट वेगळी होती. शलाका ती समजावून सांगायला नेहमी झिम्म्याचा दाखला द्यायची.

बादलीच्या साध्या प्लॅस्टिकमधले रेणू शेवयांसारखे एकमेकांत गुंतून पडलेले असतात. ऊब लागली की शेवया सुटतात आणि बादली वितळते. विजेच्या जुन्या काळ्या बटणांमधल्या रेणूंनी एकमेकांचे हात जन्मभरासाठी बांधून घेतलेले असतात. ती बटणं वितळत नाहीत, पण वाकतही नाहीत, फुटतात. शहाण्या लुकणातले रेणू मात्र झिम्मा खेळत असतात. एकीचा हात सोडायचा तो दुसरीचा हात हाती आल्यावरच. त्यामुळे फेर कधी तुटत नाही, पण हळूहळू तो जागेवरून सरकू शकतो. थोडी ऊब आणि सतत दाब मिळाला की जिथे दाब आहे तिथून लुकण बाजूला होतं आणि जिथे पोकळी आहे तिथे जाऊन बसतं. हातोडी मारा, दगडासारखं टणक. महिनाभर नुसतं टेकून ठेवा, लोण्यासारखं मऊ.

शलाकाची लेक जुई रडायची ती खुब्यामुळे. तिच्या डाव्या मांडीच्या हाडाचा गोळा जन्मतःच वाटीत नीट बसलेला नव्हता, आणि हे सहाव्या महिन्यात लक्षात आलं. हाडांचे डॉक्टर असलेल्या डॉ. शिरगावकरांनी गुडघे वाकवून मांड्या फाकलेल्या ठेवणारा, कडक प्लॅस्टिकचा साचा दिला होता. दिवसाचे तेवीस तास तो अंगावर हवा. गोळा वाटीत टेकून राहिला तर वाटी त्याच्याभोवती खोल होत जाते आणि मूल धडपणे चालायला लागतं. टेकला नाही तर ऑपरेशन, आणि त्यानंतरही लंगडत चालण्याची भीती. पण साच्याची कड जुईच्या मांडीला काचायची. कातडी सोलवटली की साचा काढून ठेवावा लागायचा. शलाकाच्या सासूबाई, इंदुमतीबाई, त्या जड साच्यासकट नातीला डाव्या कडेवर घेऊन घरभर फिरायच्या. खाली ठेवलं की पुन्हा किंकाळी.

“अगं, तुमचं ते लुकण एवढं शहाणं आहे,” सासूबाई एकदा म्हणाल्या, “तर त्याला आण की घरी. पाईपाचं भलं करतं, माझ्या नातीचं नाही करणार?”

शलाकाने कपाळावर हात मारला. तिला हे सुचलं कसं नाही! डॉक्टरांना विचारून तिने साच्याच्या आत बोटभर जाडीचा लुकणाचा थर बसवला. दोन दिवसांत त्याने जुईच्या मांडीचा आकार घेतला. तिसऱ्या दिवशी घरात शांतता पसरली. जुई झोपली, जेवली, हसली. सासूबाईंनी शेजारणींना बोलावून ते हसू दाखवलं.

चौथ्या आठवड्यातल्या एका रविवारी सासूबाई नातीला न्हाऊ घालत होत्या आणि शलाका नळाखाली साचा धूत होती. तिची बोटं सवयीने लुकणावरून फिरली. दिवसभर ती सांध्यांचे नमुने अशीच चाचपायची. उजव्या पायाच्या खोबणीची आतली भिंत बोटभर जाड होती. डाव्या पायाची पापडासारखी पातळ लागली. तिथलं सगळं लुकण बाहेरच्या बाजूला जाऊन साचलं होतं.

ती ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. जुईचा डावा पाय रोज केसाएवढा आत ओढला जात होता, आणि लुकण रोज तेवढंच त्याच्या वाटेतून बाजूला होत होतं. जिथे ठाम अडवायचं तिथे ते समजूत घालत होतं. लेकीला दुखत नव्हतं, म्हणून ती रडत नव्हती. ती रडत नव्हती, म्हणून कुणी बघत नव्हतं.

“काय झालं गं?” न्हाणीघरातून सासूबाईंनी विचारलं.

“आई, तिला पुसा आणि कपडे घाला. दवाखान्यात जायचंय.”

सोनोग्राफीच्या पडद्यावर गोळा वाटीच्या काठावर दिसत होता. “मीही फसलो,” डॉ. शिरगावकर म्हणाले. “बाळ शांत आहे म्हटल्यावर मी तपासणी पुढे ढकलली. सहा आठवडे देतो. तेवढ्यात बसला तर बसला. नाहीतर ऑपरेशन.”

लुकण काढलं तर कातडी सोलवटणार. ठेवलं तर पाय सरकणार. सोमवारी कारखान्यात पोचल्यावर शलाका प्रयोगशाळेत गेलीच नाही. ती सरळ फिटरांच्या खोलीत शिरली.

“काका, एक सांधा उघडून दाखवाल?”

पालशेतकर काकांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता पाना उचलला. पंपघराशेजारच्या सांध्यापाशी आल्यावर त्यांनी पाना खाली ठेवला आणि नटाला नुसती बोटं लावली. नट गरगरा फिरला.

“बघा. हाताने निघतोय. हा एकटाच नाही, पुढचे चारही तसेच असणार. पाईप खाली बसलाय, मॅडम. लुकणाने धरून ठेवलंय सगळं.”

“तुम्ही बोलला का नाहीत?”

“बोललो होतो की. तुम्ही पेढा खात होता.”

शलाकाची मान खाली गेली. तेव्हा तिला नटावर पिवळ्या रंगाचा एक जुना ओघळ दिसला. “हे काय?”

“ही आमची रेघ. नट आवळला की नटावरून पाईपावर रंगाची एक रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लांबून दिसते. गळायच्या आधीच कळतं. लुकण आलं, तेव्हा साहेब म्हणाले, आता कशाला रंग वाया घालवता.”

“काका,” शलाका हळूच म्हणाली, “ही रेघ लुकणाच्या पोटात ओढता आली तर?”

“पोटात कशी ओढणार? ब्रश जाईल का तिथे?”

“ब्रश नको. रेणूच हवा. मिटलेल्या छत्रीसारखा. झिम्म्यातल्या दोघींच्या हातांमध्ये ती छत्री द्यायची. हात बदलले, फेर सरकला, की छत्री ओढली जाऊन उघडते. मिटलेली असताना तिला रंग नाही, उघडली की लाल.”

काकांनी डोकं खाजवलं. “आपला तर रंगाचाच कारखाना आहे, मॅडम. छत्री लांबून आणायला नको.”

छत्री खरोखरच गोदामात निघाली. कुणीतरी वीस वर्षांपूर्वी बनवलेलं आणि उन्हात टिकत नाही म्हणून बाजूला टाकलेलं एक रंगद्रव्य. अकराव्या दिवशी नवं लुकण तयार झालं. जागेवरून एक मिलिमीटर हटलं की ते लाल व्हायचं. जुईच्या कातडीला रंग लागू नये म्हणून त्यावर पातळ पापुद्रा चढवला, आणि डॉक्टरांनी स्वतःच्या मनगटावर चार दिवस बांधून बघितल्यावरच साचा पुन्हा जुईच्या पायात गेला.

नंतरचे आठवडे सोपे नव्हते. लाल डाग दिसला की साचा काढायचा, लुकण गरम करून मूळ आकाराला आणायचं, पट्टा एक घर आवळायचा. पाय जागेवर आणला की जुई भोकाड पसरायची. सासूबाई तिला कडेवर घेऊन दारात उभ्या राहायच्या. “रड गं बाई, मोठ्याने रड,” शलाका तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणायची, “तू रडलीस की आईला कळतं.” सुरुवातीला रोज तीन डाग दिसत. मग एक. मग दोन दिवसांआड.

मुदत संपली त्या दिवशी डॉ. शिरगावकरांनी पडदा शलाकाकडे वळवला. गोळा वाटीत बसला होता, उखळीत मुसळ बसावं तसा. “टेकलाय!” डॉक्टर इतक्या मोठ्याने ओरडले की बाहेरची परिचारिका धावत आली. शलाका हसत होती आणि तिच्या डोळ्यांना धार लागली होती. सासूबाईंनी पर्समधून खडीसाखर काढून डॉक्टरांच्याच तोंडात भरवली.

कारखान्यातही तेच लुकण भरलं गेलं. भरता भरता अकराशे सांधे लाल झाले. पालशेतकर काकांनी माणसं घेऊन एकेक आवळला, पंपघराजवळचा चार बोटं खचलेला पाईप उचलून नव्या टेकूंवर ठेवला. तो तसाच राहिला असता तर कुठल्या दिवशी काय झालं असतं याचं गणित शलाकाने मांडलं आणि कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी तो दोनदा वाचला. या खेपेची शाल काकांना मिळाली. काही महिन्यांतच नियम झाला की पाईपांत आणि लहान मुलांच्या साच्यांत हे लाल होऊन सांगणारं, बोलकं लुकणच वापरायचं.

बाकी जगाला मात्र मुकंच हवं होतं. चपला, खुर्च्या, दातांच्या कवळ्या, गाद्या, पाठीचे पट्टे, सगळ्यांत शहाणं लुकण आलं. चपलांच्या कारखानदारांना शलाकाने बोलकं देऊ केलं, तेव्हा एकजण म्हणाला, “ताई, तक्रार करणारी चप्पल कोण विकत घेईल?” त्याचं खरं होतं. मुक्या चपला लाखांनी खपल्या. लोकांचे पाय दुखायचे थांबले. सासूबाईंनीही घरात घालायला एक जोड आणला, आणि शलाकाला तो इतका आवडला की तिने स्वतःसाठीही मागवला.

साचा सुटला आणि सोळाव्या महिन्यात जुई चालली. संध्याकाळी दारातल्या आजीच्या चपलांत पावलं घालून ती उठली, भिंत सोडली, आणि फटक फटक आवाज करत पाच पावलं टाकून शलाकाच्या मांडीवर येऊन आदळली. लंगडण्याचा मागमूस नव्हता. सासूबाईंनी टाळ्या पिटल्या. शलाकाने लेकीचे पाय चपलांतून सोडवले, पटापटा मुके घेतले, आणि चप्पल बाजूला ठेवता ठेवता तिची बोटं आतून फिरली.

डाव्या चपलेत टाचेखाली एवढा खड्डा होता की अंगठा बुडाला. उजवी जवळजवळ कोरी होती.

“आई, तुमचा गुडघा दुखतो का?”

“मला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे मी.”

“कधीपासून एकाच पायावर उभ्या राहताय?”

“काहीतरीच बाई तुझं!”

एक्सरेत डाव्या गुडघ्यातली गादी झिजून हाडावर हाड आलेलं दिसलं. डॉ. शिरगावकर म्हणाले की एवढं झाल्यावर माणूस किंचाळत येतं. या कशा आल्या नाहीत? साचा सुटेपर्यंतचे कित्येक महिने नातीला त्याच्यासकट त्याच कडेवर वागवताना चपलेने प्रत्येक पावलाला थोडं सरकून त्यांना सांभाळून घेतलं होतं. घरातली सगळी नजर जुईच्या मांडीवर होती.

गुडघा बदलला गेला. सासूबाई आता काठी न घेता जिना चढतात आणि जुईशी पळण्याच्या शर्यती लावतात. शलाकाने त्यांना बोलक्या लुकणाची चप्पल करून दिली आहे. ती महिन्यातून एकदा तरी लाल होते, आणि प्रत्येक वेळी सासूबाई वैतागतात.

“माझी जुनी मुकी चप्पल कुठे ठेवलीस, ते सांग,” त्या परवाही म्हणाल्या. “काही कळत नव्हतं तेव्हा मी सुखात होते गं. तुम्ही सगळीही होतात.”

व्याख्यानाला बोलावतात तिथे शलाका रेणूंबद्दल बोलते, झिम्म्याचा दाखला देते, लोक टाळ्या वाजवतात. मग ती एक विनंती करते आणि तीच तुम्हालाही. तुमच्या घरात कुणीतरी एक असेल, ज्याच्या तोंडून तुम्ही कधी तक्रार ऐकली नाही. त्यांना कसं वाटतंय ते विचारू नका, ‘बरं आहे’ असंच उत्तर येईल. आज त्यांच्या चपला हातात घ्या, आत बोटं घालून दोन्ही खड्डे चाचपा, आणि मग त्यांचा पाय आपल्या मांडीवर घेऊन नीट बघा.